रिकामी किक

ही गोष्ट खरी आहे.

माझ्या इतर गोष्टींतलं निम्मं मी जागच्या जागी जुळवलेलं असतं, हे मला ओळखणारे सगळे ओळखून आहेत. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण या गोष्टीत माझ्या पदरचं काही नाही. ज्याच्यावर ही बेतली तो माझा सख्खा आतेभाऊ. त्या बिचाऱ्याला थाप मारता येत असती, तर निदान त्याचं लग्न तरी जमलं असतं.

आणि रात्रीची वाट बघत बसू नका. हे सुरू झालं ते भरदुपारी. ऊन डोक्यावर, रस्ता सामसूम, गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढलेलं, माणसं जेवायला घरी गेलेली... तेव्हा.

अशा वेळी कोण घाबरतं?

तो घाबरला. अजून घाबरलेला आहे.

माझ्या या आतेभावाला सगळे बारातेरा म्हणतात. त्याच्या मागच्या खिशात कायम बारा-तेराचा पाना असतो. बसताना टोचतो, म्हणून गडी आयुष्यभर एका अंगावर वाकडा बसत आलाय, पण पाना काही काढत नाही. लग्नाच्या बैठकीतही असाच वाकडा बसला होता. मुलीकडच्यांना वाटलं, कंबरेत काहीतरी दोष आहे.

गॅरेज मुळात दादाचं. दादा म्हणजे बारातेराचा थोरला भाऊ. बारातेराला पाना धरायला त्यानेच शिकवलं. चुकीचा धरला की तोच पाना बोटांवर बसायचा.

दादाची एक शिस्त होती. इंजिन उघडं टाकून उठायचं नाही. काम अर्धवट असू दे, आतला भाग काढून बाहेर ठेवलेला असू दे, उठताना कव्हर लावून, सगळे बोल्ट आवळून उठायचं. धूळ आत जाता कामा नये. लोक हसायचे. अरे, पुन्हा उघडायचंच आहे ना? दादा ऐकायचा नाही.

त्याची स्वतःची मोटारसायकल तेव्हाही जुनीच होती. फुगीर टाकी, स्प्रिंगांवर बसवलेली सीट, आणि उजवीकडे लांबलचक किक. मेकॅनिकची स्वतःची गाडी दुरुस्तीच्या रांगेत कायम शेवटी उभी असते. हिची किक घसरायची. दादा रोज म्हणायचा, उद्या बघतो.

मग तो दिवस आला.

वहिनींना दवाखान्यात नेलं होतं. बारातेरा तेव्हा कोवळा पोरगा, तो त्यांच्यासोबत गेला. दादा म्हणाला, हातातलं काम आटपून मी आलोच.

दुपारी निरोप आला. मुलगा झाला.

निरोप आला तो समोरच्या शिंप्याच्या दुकानात, कारण फोन त्याच्याकडेच होता. शिंपी टेप गळ्यात तसाच ठेवून रस्ता ओलांडून धावला आणि त्याने दादाला सांगितलं. दादाने हातही पुसले नाहीत. गाडी रस्त्यावर काढली, वर बसला आणि किक मारली.

किक खाली गेली, वर आली. इंजिन ढिम्म.

पुन्हा मारली. पुन्हा. शिंपी सांगतो, शर्ट पाठीला चिकटेपर्यंत माणूस किक मारत होता आणि हसत होता. मग हसणं थांबलं. मग त्याने गाडी ढकलत उताराला नेली, धक्क्यावर चालू केली आणि सुसाट गेला.

पुढच्या वळणावर गाडी घसरली. गाडीला साधा ओरखडा आला. दादाचं डोकं कठड्यावर आपटलं.

त्याला त्याच दवाखान्यात आणलं. पोरगा वरच्या मजल्यावर होता. दादाला खाली ठेवलं.

पोराचं तोंड न बघता दादा गेला.

गाडी लोकांनी ढकलत आणून गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात उभी केली. वर ताडपत्री टाकली. वहिनींनी ती विकली नाही, आणि तिच्याकडे बघितलंही नाही. बारातेराने गॅरेज चालवलं, पोराला वाढवलं. पोराला तो लहानपणापासून साहेब म्हणायचा. साहेब, नाक पुसा. साहेब, गणितात किती पडले? साहेब शिकला, मोठा झाला, आणि खरोखरच दुसऱ्या शहरात नोकरीला लागला.

जायच्या आधी त्याने एकच गोष्ट मागितली. बाबांची गाडी.

बारातेराला कोण आनंद झाला. ताडपत्री काढली, धुळीने दोघेही शिंकून शिंकून बेजार झाले. टाकी रंगवायला दिली. कार्बोरेटर उकळून काढला, पॉइंट घासले, वायरिंग नवी केली. म्हातारी गाडी एकेक काम मुकाट्याने करून घेत होती.

राहिली किक.

ती अशी खाली जायची, जशी हापशाला पाणीच नाही. आतून काहीच लागत नव्हतं.

बारातेराने कव्हर उघडलं. आतलं ऑइल डांबर झालेलं. बोळ्याने पुसत पुसत त्याने हात आत घातला, आणि...

रॅचेट जागेवर नव्हता.

रॅचेट म्हणजे एक दातेरी चकती. किक खाली दाबली की ती इंजिनाला पकडते, वर येताना सोडते. तीच नसेल तर किक म्हणजे नुसती लोखंडाची दांडी. तुटून आत पडला असेल म्हणून त्याने तळापर्यंत चाचपलं. तुकडाही मिळाला नाही. कुणीतरी तो नीट काढून घेतला होता आणि कव्हर लावून सगळे बोल्ट आवळून ठेवले होते.

दुपारी जेवताना त्याने वहिनींना सहज सांगितलं, की गाडीत एक चकतीच नाही, आता लेथवाल्याकडून बनवून घ्यावी लागणार. वहिनींचा वाढता हात थांबला. त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग त्या एक पुरचुंडी घेऊन आल्या.

"दवाखान्यातून ह्यांच्या खिशातलं सामान दिलं होतं. घड्याळ आणि हे. हे काय आहे ते मला आजवर कळलं नाही, भाऊजी. पण टाकवलंही नाही."

बारातेराने पुरचुंडी सोडली.

रॅचेट होता. दात झिजून गुळगुळीत झालेले.

त्याने हातातला घास ताटात ठेवला. त्या दुपारी दादाने अखेर स्वतःच्या गाडीचं काम हातात घेतलं होतं. झिजलेला रॅचेट काढला, नमुन्याला म्हणून खिशात टाकला, आणि शिस्तीप्रमाणे कव्हर लावून, बोल्ट आवळून ठेवले. तेवढ्यात शिंपी धावत आला. आनंदाच्या भरात दादा विसरला. दुसऱ्या कुणाचं कव्हर उघडं राहिलं असतं आणि त्याला दिसलं असतं. दादाचं बंद होतं.

वहिनींनी विचारलं, त्याने समजावून सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

"म्हणजे ते रिकामीच किक मारत होते?"

"हो, वहिनी."

त्यांनी पुरचुंडी पुन्हा बांधली. गाठ दोनदा सुटली.

"गाडी चालू करा," त्या म्हणाल्या. "पण भरवशाची करा. नाहीतर करूच नका. मला दुसरा मुलगा नाही, भाऊजी."

लेथवाल्याने जुन्याच्या नमुन्यावर नवा रॅचेट कापून दिला. बारातेराने तो बसवला, कव्हर लावलं आणि हाताने किक दाबली. कर्र... पकडली. आणखी दाबली, तसा इंजिनाने पोटातून एक श्वास सोडला. फुस्स. इतक्या वर्षांनी. टाकी रंगाऱ्याकडे असल्यामुळे चालू करायचा प्रश्नच नव्हता, पण तेवढ्यानेही त्याचा जीव भांड्यात पडला. शटर अर्ध्यावर ओढून तो खुशीत जेवायला गेला.

परत आला. सहज किकवर पाय ठेवला.

किक खटकन तळाला गेली.

रिकामी.

त्याने कव्हर उघडलं. आत रॅचेट नव्हता. वळून बघितलं, तर टेबलावर फडक्यावर ठेवलेला. स्वच्छ पुसलेला.

बारातेराने स्वतःलाच चार शिव्या घातल्या. बसवायचाच विसरलो की काय? पण मग किक पकडली कशी होती? असेल, भास झाला असेल. वय झालं. त्याने रॅचेट पुन्हा बसवला, पुन्हा तपासला, आणि दुसऱ्या दिवशी जेवायला जाताना शटर पूर्ण पाडून कुलूप घातलं. किल्ली एकच, तीही त्याच्याच खिशात.

त्या दुपारी वहिनी समोर वाढायला होत्या. साहेब शेजारी बसून मोबाइलवर नव्या शहरातली खोली पक्की करत होता. म्हणजे घरचं कुणी गॅरेजात नव्हतं.

परत येताना शिंप्याने त्याला हाक मारली. शिंपी आता म्हातारा झालाय, पण जीभ कात्रीपेक्षा धारदार आहे. त्याने विचारलं, आत गिऱ्हाईक कोंडून जेवायला गेला होतास का रे? केवढ्या किका मारत होता बिचारा. पाय गळून गेला असेल.

बारातेरा हसला नाही.

ते बघून शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

"खरं सांगू?" तो हळूच म्हणाला. "अशी किक मी एकदाच ऐकलीय. आणि ती कुणाची, ते तुला माहीत आहे."

कुलूप जसंच्या तसं होतं. आत सगळं जागच्या जागी होतं. गाडीचं कव्हर लावलेलं, बोल्ट आवळलेले.

टेबलावर फडकं अंथरलेलं...

आणि फडक्यावर रॅचेट.

दुसरा एखादा असता तर गाडी त्याच संध्याकाळी भंगारात गेली असती. बारातेरा पळाला नाही आणि ओरडलाही नाही. तो बाहेर पायरीवर बसला, वाकडा. त्याला एक गोष्ट उमगली होती. दादा दुपार संपवू शकत नव्हता. रोज तीच दुपार. रॅचेट काढायचा, पुसायचा, कव्हर लावायचं. मग निरोप यायचा. मग किक. रिकामी किक. मारतोय, मारतोय, आणि तिकडे पोरगा वाट बघतोय.

भीती वाटायच्या आधी त्याला रडू आलं. चूक इथेच झाली, असं तो आता म्हणतो. आधी भीती वाटायला हवी होती.

तिसऱ्या दुपारी त्याने घरी निरोप धाडला, जेवायला येत नाही. रॅचेट स्वतःच काढला. कव्हर लावलं, बोल्ट आवळले. रॅचेट मुठीत गच्च धरला. शटर आतून खाली ओढलं आणि उलट्या घातलेल्या ऑइलच्या डब्यावर बसून राहिला.

वरच्या झरोक्यातून उजेडाची एक पट्टी गाडीवर पडली होती. बाहेर शिंप्याचं मशीन चालू होतं. कोपऱ्यात नळ पिंपात ठिबकत होता. उकाड्याने माश्या वैताग आणत होत्या.

बराच वेळ काही झालं नाही.

मग मशीन थांबलं.

जेवायला गेला असेल, असं त्याला वाटलं.

मग नळ ठिबकायचा थांबला...

मग त्याच्या लक्षात आलं, माश्या नाहीत. एकही नाही.

करकर... करकर...

सीटच्या स्प्रिंगा.

त्या दबत होत्या. हळूहळू नाही. माणूस घाईने बसतो ना, तशा एकदम. गाडी स्टँडवर हलली. आणि किक...

किक खाली गेली.

खट.

वर आली.

खट.

तिच्यावर पाय नव्हता. उजेडाच्या पट्टीत सगळं स्वच्छ दिसत होतं. नुसती दांडी खाली जात होती, वर येत होती. आधी सावकाश. मग भराभर. खट, खट, खट... अख्खी गाडी गदागदा हलत होती, पुढचं चाक डावी-उजवीकडे वळत होतं. दार मागेच होतं. उठून शटर वर करायचं, इतकंच. बारातेरा उठला नाही.

आणि त्या आवाजात राग नव्हता, तो सांगतो. नुसती घाई होती. आपलं माणूस घाईत असलं की आपण जसं बोलतो, तसं मग बारातेरा बोलला.

"दादा... मुलगा झालाय. छान आहे."

किक अर्ध्यावर थांबली.

तशीच. हवेत.

त्याला धीर आला. त्याला वाटलं, ऐकतोय. एवढंच ऐकायचं राहिलं होतं बिचाऱ्याचं. आता सुटेल. म्हणून तो बोलत गेला. पोरगा शिकला, तुझ्यापेक्षा उंच झाला, वहिनी बऱ्या आहेत. त्याला नोकरी लागलीय. शहर सांगितलं. भाड्याची खोली कुठल्या रस्त्याला मिळाली, तेही सांगितलं. दुसरा मजला, खाली गाडी लावायला जागा. तुझीच गाडी घेऊन जाणार आहे तो. तू आता दवाखान्यात जायची घाई करू नकोस, तो तिथे नाही.

किक सावकाश वर गेली.

काहीच झालं नाही.

आणि मग ती एकदाच खाली आली. शांतपणे. जाणता माणूस मारतो तशी.

कर्र...

पकडली.

आत रॅचेट नव्हता. रॅचेट बारातेराच्या मुठीत होता.

आणि तो मुठीत फिरला.

दात तळव्यात रुतले, कातडं ओढत गेले. तो किंचाळला, तरी मूठ उघडेना. गाडीवर टाकी नव्हती. तिच्यात पेट्रोलचा थेंब नव्हता. तरी इंजिनाने श्वास घेतला. लांब, खोल श्वास... आणि सोडला नाही.

सीटच्या स्प्रिंगा वर आल्या.

नळ ठिबकला. समोर शिंप्याचं मशीन कर-कर सुरू झालं. शिंपी जेवायला उठलाच नव्हता, हे नंतर कळलं. माश्या आल्या आणि बारातेराच्या हातावरच्या रक्तावर बसल्या.

त्यानंतर मात्र सगळं सुरळीत झालं. नवा रॅचेट बसवला तो बसला. दुपारी शटर बंद करून गेलं तरी हलला नाही. शिंप्यालाही पुन्हा काही ऐकू आलं नाही. टाकी रंगून आली, अशी चकचकीत की साहेब तिच्यात बघून भांग पाडायला लागला. पेट्रोल भरलं. साहेबाने पहिली किक मारली आणि गाडी चालू झाली.

बारातेराने स्वतःची समजूत घातली. दादा सुटला. निरोप पोचला. आपणच पोचवला.

निघायच्या दिवशी सकाळी वहिनी गॅरेजपर्यंत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी टाकीवरून हात फिरवला, सीटवरून फिरवला. मग बारातेराला बाजूला घेऊन विचारलं, भरवशाची झाली ना, भाऊजी?

बारातेराने पट्टी बांधलेला हात खिशात घातला.

"झाली," तो म्हणाला.

त्याच्या आयुष्यातली ही पहिली थाप होती की नाही, हे त्याचं त्यालाही माहीत नाही. त्या वेळी त्याला ते खरंच वाटत होतं. निदान साहेब किक मारून, हात हलवून रस्त्याला लागेपर्यंत तरी.

गाडी उताराला लागली तेव्हा त्याचं लक्ष सवयीने मागच्या चाकाकडे गेलं.

चाक दबलं होतं.

एकटा, सडपातळ पोरगा. सामान सगळं आधीच दुसऱ्या गाडीने पाठवलेलं. हवा तर बारातेराने स्वतः भरली होती, ठोकून बघितली होती. आणि चाक असं दबलं होतं, जसा मागे एक धडधाकट माणूस बसलाय...

त्याने हाक मारली. इंजिनाच्या आवाजात साहेबाला ऐकू गेली नाही.

पोचल्याचा फोन आला तेव्हा बारातेराने सुटकेचा श्वास टाकला. पोरगा खुशीत होता. ऑफिसात सगळे गाडी बघायला आले म्हणाला. मग काही दिवसांनी त्याने गमतीने विचारलं, काका, तुम्ही हिला काय शिकवून ठेवलंत? मी सकाळी बूट घालत असतो, तोवर ही खाली चालू असते. त्याला वाटत होतं, घरमालकाला जुन्या गाड्यांचं वेड असावं, तोच इंजिन तापवून ठेवत असेल. भला माणूस.

बारातेराच्या हातातला पाना खाली पडला.

त्याने घरमालकाला विचारून बघ म्हणून सांगितलं. साहेबाने विचारलं. घरमालक काठी टेकत चालणारा आजोबा निघाला. त्याने आयुष्यात कधी किक मारली नव्हती.

पुढच्या फोनला साहेब म्हणाला, आता आंघोळ करतानाच आवाज येतो. भराभर आटपावं लागतं. त्याच्या पुढच्या फोनला, अजून बिछान्यात असतो तेव्हाच. रोज थोडं लवकर. बारातेराने विचारलं, मग तू काय करतोस? साहेब म्हणाला, काय करणार, उठतो आणि जातो. एक चक्कर मारून येतो. रोज थोडा लांब जातो. मजा येते.

त्याला भीती वाटत नव्हती. ते ऐकून बारातेराला जास्त भीती वाटली.

काही सांगावं, तर काय सांगणार? तुझा बाप आहे म्हणून? पत्ता मी दिला म्हणून? त्याने मेकॅनिक सांगेल तेवढंच सांगितलं. पॉइंटमध्ये दोष असेल, आपोआप स्पार्क देत असेल. रोज गाडी लावलीस की प्लग काढून खोलीत नेऊन ठेव. प्लगशिवाय कुठलीच गाडी चालू होत नाही.

साहेब बरं म्हणाला.

मग परवा, उजाडता उजाडता, फोन वाजला.

"काका, झोपला होतात का?"

"नाही रे. बोल. प्लग काढला होतास ना?"

"काढला ना. हा काय, टेबलावर आहे."

आणि त्याच्या आवाजामागे, खालून, बारातेराला ऐकू येत होतं... धप धप धप धप. त्या इंजिनाचा ठोका तो झोपेतही ओळखेल. एकसारखा, शांत. अगदी भरवशाचा.

त्याने ओरडून सांगितलं, खाली जाऊ नकोस. दार लाव, आत बस, मी येतो. साहेब हसला. लहान पोराची समजूत घालावी तसा हसला. म्हणाला, असं कसं काका, केव्हाचे खोळंबलेत ते.

"कोण?"

फोन बंद झाला.

दिवसभर लागला नाही. संध्याकाळी लागला. साहेब ऑफिसात होता, कामात होता, ठणठणीत होता. सकाळचं काही विचारलं तर म्हणाला, कुठला फोन?

बारातेरा घरी गेला. वहिनी दिवा लावत होत्या. त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघून विचारलं, साहेबाचा फोन होता का? तो म्हणाला, हो, मजेत आहे. त्यावर वहिनी हसल्या. किती वर्षांनी अशा हसल्या, ते त्यालाही आठवेना.

"काल रात्री माझ्याशीही बोलला," त्या म्हणाल्या. "काय सांगू भाऊजी, आवाज अगदी ह्यांच्यासारखा झालाय त्याचा. मी फोन ठेवलाच नाही बराच वेळ."

हे सगळं त्याने काल माझ्याकडे बसून सांगितलं. चहा निवून गेला, त्याने हात लावला नाही. तळव्यावरची जखम अजून ओली आहे. इतके दिवस झाले, भरत कशी नाही, असं मी विचारलं, तर म्हणाला, रोज सकाळी पुन्हा उघडते.

आज तो पहिल्या बसने तिकडे गेला. वहिनींना सांगितलं, सुट्या भागांसाठी चाललोय. मी त्याला सोडायला गेलो होतो. काहीतरी धीर द्यायचा म्हणून म्हटलं, अरे, एवढं काय, गाडी ट्रकमध्ये घालून परत आण आणि तोडून टाक.

बारातेरा खिडकीशी वाकडा बसला होता.

"गाडी आणता येईल रे," तो म्हणाला.

"पण तो आवाज?" बस सुटली.

तेव्हापासून मी फोन समोर ठेवून बसलोय. दुपार झाली. जेवण गेलं नाही. खिडकीखालून मघाशी एक मोटारसायकल गेली, तर मी उठून दाराला कडी घातली.

का घातली, ते मला विचारू नका.